मामाचा अंगठा आणि ऐंशी अंश

मामा, तुझ्या तेरवीला तिघांनी भाषणं केली आणि तिघेही खोटं बोलले. पहिला म्हणाला, कसा शांत स्वभावाचा माणूस होता. तू आणि शांत! विहिरीवरची मोटर बंद पडली की तुझ्या शिव्या पार डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. दुसरा म्हणाला, आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. तेव्हा मी मान खाली घालून बसले, नाहीतर उठून माझ्यापासूनच यादी सुरू केली असती. तिसऱ्यानं तर कमाल केली. शाळेचं तोंड न पाहिलेला इंजिनीअर म्हणाला तुला, आणि वर म्हणाला की सुदामभाऊ गेले, पण त्यांचा अंगठा या शिवारातल्या पाइपा-पाइपावर अमर आहे. अमर हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं सणकलं. त्यानंतर मी जे केलं तेच सांगायला बसले आहे. पण तुझं माप तुझ्या पदरात घातल्याशिवाय मी तिथपर्यंत येणार नाही. तेवढी कळ सोस.

तू आडमुठा होतास. बढाईखोर तर असा की पाइप जोडण्याची विद्या जणू तुझ्या घरात जन्माला आली. सगळं जग बाजारातून कपलिंग आणतं, दोन पाइपांची तोंडं त्यात घालतं आणि मोकळं होतं. कपलिंग आणणारा माणूस तुझ्या लेखी माणूसच नव्हता. तुला जाळ लागायचा. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर पाइपाचं तोंड गरगर फिरवायचं, टिनाच्या डब्यातल्या पाण्यात अंगठा बुडवायचा आणि तापल्या पाइपावर दाबायचा. अंगठा रुतला की पाइप तयार. मग ते मऊ झालेलं तोंड दुसऱ्या पाइपाच्या तेल लावलेल्या टोकावर चढवायचं आणि वरून ओलं बारदान फिरवायचं. थंड झालं की तोंड तेवढंच फुगलेलं राहायचं. झालं तुझं सॉकेट. अंगठ्याचा खड्डा मात्र मागे तसाच राहायचा. तुझ्या उजव्या अंगठ्याचं नख अर्धं तुटलेलं, त्यामुळे खड्ड्याच्या कडेला एक खाच पडायची. तेल्हाऱ्याच्या आसपास कोणाच्याही वावरात पाइप उघडा पडला की लोक ती खाच बघून सांगायचे, हे सुदामभाऊचं काम. आणि तू लेका मिशीला पीळ देत उभा राहायचास, जसा काही ताजमहाल बांधला.

मी नऊ-दहा वर्षांची असताना पाइपाचं दुसरं टोक धरायला तू मला न्यायचास. त्याबद्दल आईनं तुला झापलं होतं, पोरीचं तोंड धुरानं काळं करून आणतो म्हणून. तू मला टोक धरायला लावायचास आणि पाइपावर टिचकी मारायचास. थंड पाइप टणटण वाजायचा. जाळावर फिरत राहिला की एका क्षणी आवाज बसायचा, टिचकी नुसती थप करायची. "हात लावू नको, पुष्पे. आधी आयक," असं तू म्हणायचास. त्या वयात मला तो तुझा चाळा वाटला होता. पुढे कळलं की मी आयुष्यभर जे शिकले आणि ज्यावर पोट भरते आहे, ते सगळं त्या टण आणि थपच्या मधलं आहे.

पण हे तुला कुठून कळणार होतं? मला अमरावतीला प्लास्टिकच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, मी पेढे घेऊन आले, तर तू ओसरीवर बसून दात काढलेस. प्लास्टिक शिकायले कॉलेज कायले लागते, म्हणालास. दोन महिने माझ्यासंगं ये, फुकट शिकवतो. आलेगेले सगळे हसले. मी पेढ्यांचा डबा मामीच्या हातात दिला आणि तुला एकही दिला नाही. तू मागितलाही नाहीस. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या फुलांचं पोतं डोक्यावर घेऊन तूच मला गाडीपर्यंत सोडायला आलास, आणि त्यातली ओंजळभर फुलं माझ्या पिशवीत कोंबलीस. तुझं हे असंच, शहाणपणाचं बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

आता ती अमरावतीची गोष्ट. बारा वर्षं झाली. मी तोवर शिकवायला लागले होते. तू कसल्याशा कामाला आला होतास आणि मीच हौसेनं तुला प्रयोगशाळेत नेलं. हौस कसली, मला दाखवायचं होतं. आमचं ते महागडं यंत्र, ज्यात पाइपाचा नखाएवढा कपचा ठेवायचा आणि हळूहळू तापवायचा. पडद्यावर रेघ सरळ चालते आणि ऐंशी अंशांच्या आसपास एक पायरी घेते. ती पायरी म्हणजे तुझ्या अंगठ्याचा क्षण. मी पोरांसमोर तुला समजावून सांगत होते. बर्फ शून्याला वितळतो, तसा पाइप वितळत नाही. आत लांबच लांब साखळ्या आहेत, एकमेकींत गुंतलेल्या, कुठलीही रांग नाही, शिस्त नाही. थंडीत त्या जिथल्या तिथं अडकून पडतात, हलायला जागाच नसते, म्हणून पाइप कडक. शास्त्र त्याला काचेची अवस्था म्हणतं. काच म्हणजे फक्त खिडकीची नव्हे. जे जे असं घाईत थिजतं आणि नीट रांगेत बसायला सवड मिळत नाही, ते सगळं काचेच्या जातीचं. तापवलं की साखळ्यांना अंग हलवायला जागा होते आणि पाइप रबरासारखा वागतो.

तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, म्हणजे बाजाराच्या दिवसाची तेल्हाऱ्याची काळीपिवळी जीप. माणसं अशी कोंबलेली की कोपर हलत नाही. दोन-चार जण उतरले की बाकीचे अंग सैल सोडतात.

पोरं खूश झाली. मला त्यांचा राग आला. वर्षभर मी बडबडत होते ते यांना कळलं नव्हतं, आणि बिडीचा वास येणाऱ्या माझ्या मामानं एका वाक्यात सांगितलं. तू तिथं थांबला असतास तर बरं झालं असतं. पण थांबशील तर तू कसला. यंत्राले किती वेळ लागते, विचारलंस. मी म्हटलं, चाळीसेक मिनिटं. तू सगळ्या पोरांकडे बघून म्हणालास, "माहा अंगठा दोन सेकंदात सांगते."

आणि करूनही दाखवलंस. तिथला हातभर पाइप उचललास, दिव्याच्या ज्योतीवर फिरवलास, नळाखाली अंगठा ओला केलास आणि दाबलास. खड्डा पडला. खाचेसकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गात, माझ्या पोरांनी.

मी काय बोलले ते तुला पाठ होतं, मलाही आहे. मी म्हटलं, मामा, हा खड्डा कायमचा पडला असं तुला वाटतं. तसं काही नाही. साखळ्या तुझ्या अंगठ्याखाली वाकड्या झाल्या आणि तशाच थिजल्या, एवढंच. परत तापव, त्या आपल्या जुन्या जागी येतील आणि पाइप सपाट होईल. त्याला कारखान्यातला आकार लक्षात राहतो. "तुझं त्याच्या काहीच लक्षात राहत नाही. पाइप तुला मोजतच नाही, मामा."

यावर पोरं हसली. तुझ्यावर हसली. मला तेच हवं होतं. तू हसला नाहीस. तो तुकडा थंड झाला तसा तू पिशवीत टाकलास, जेवायला घरी चल म्हटलं तर गाडीची वेळ झाली म्हणालास आणि निघून गेलास. गाडीला अजून दोन तास होते. मी तुला थांबवलं नाही. त्यानंतर तू अमरावतीत पाय ठेवला नाहीस.

इथं तुला वाटेल की मी आता माफी मागेन. चुकलास. मी तुझ्यावर आणखी चिडले, कारण तू गप्प बसला नाहीस. महिन्याभरात तुझा फोन आला. अजून थेच खोटं शिकवून राहिली काय पोट्ट्यायले? माहा अंगठा जात नाई. मी म्हटलं, गरम पाण्यात टाकून बघ. टाकीन म्हणालास. दिवाळीला मी आले, विचारलं, टाकला का? सवड कुठं हाय, म्हणालास. संक्रांतीला तेच. ज्या माणसाला दिवसभर ओसरीवर बिड्या फुंकायला सवड होती त्याला पातेलंभर पाणी उकळायला नव्हती. मी मनात म्हटलं, हा घाबरट आहे. याला माहीत आहे की मी खरी आहे आणि याच्यात कबूल करायची धमक नाही. बारा वर्षं मी तुला घाबरट समजत आले. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून तेल्हारा, दोन गाड्या बदलून यायचे, कमरेचे टाके ढिले व्हायचे, आणि पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधीच आपलं सुरू. मामी म्हणायची, अगोदर चहा घ्या, मग एकमेकांचे गळे धरा.

तुझ्या स्वतःच्या वावरातली पाइपलाइन हा त्यातला दुसरा अध्याय. विहिरीपासून शेवंतीच्या तुकड्यापर्यंत, दोन फूट जमिनीखाली, सगळी तुझ्या सॉकेटांची. मी दर वेळी सांगायचे, हे सगळं उपटून टाक. फुगवलेलं तोंड जबरदस्तीनं फुगवलेलं आहे, कधी ना कधी आकसेल, सांधे सुटतील, आणि अंगठ्यानं तू पाइप पातळ करून ठेवतोस ते वेगळंच. तुझ्या पोराला, गजूला, माझं पटायचं. त्याला नवी लाइन हवी होती, कपलिंगवाली. तू म्हणायचास, मी जिवंत हाय तोवर हात लावून पाहा. आणि ती हट्टी लाइन, तुझ्यासारखीच, एकदाही गळली नाही. गळला तो एकच सांधा, जो गजूनं माझ्या सांगण्यावरून तुझ्या नकळत कपलिंगनं जोडला होता. त्या दिवशी तू मला तीन वेळा फोन केलास. तिन्ही वेळा फक्त हसलास.

तर तेरवी. सकाळीच मामीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेला तो तुकडा हातात दिला. प्रयोगशाळेतला. मी लगेच ओळखला. तुह्यासाठी ठेवला होता त्यायनं, एवढंच म्हणाली, आणि वाढपी हाका मारत होते म्हणून बाहेर गेली. मी खड्ड्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. तुझा फार मोठा होता.

मग ती भाषणं. मग अमर. पंगती उठत होत्या, मागच्या अंगणात चहासाठी मोठं भगुणं चढवलेलं होतं आणि बाजूच्या चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. तो तिसरा भाषणवाला हात धुवायला तिथंच आला आणि चारचौघांना पुन्हा तेच सांगायला लागला, अंगठा कसा अमर आहे. मला सहन झालं नाही. तू मेल्यावर सुद्धा हा वाद जिंकून जावास आणि तोही अशा माणसाच्या तोंडून, ज्यानं जन्मात पाइप धरला नाही! मी म्हटलं, अमर बिमर काही नसतं, इकडे या, दाखवते. मास्तरकी अंगात भिनली आहे माझ्या, दुःखाच्या घरातही सुटली नाही. लोक गोळा झाले. गजूही आला. मी तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला, खड्ड्यावर, खाचेवर बोट ठेवलं आणि चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात सोडला.

फार वेळ लागला नाही. खड्डा खालून कोणी ढकलावा तसा हळूहळू वर आला. आधी खोल भाग भरला. सगळ्यात शेवटी नखाची खाच राहिली होती, बारीक, केसाएवढी. मग तीही गेली. मी तुकडा बाहेर काढला. दुकानातून आत्ताच आणल्यासारखा गुळगुळीत. लोक वा वा म्हणाले. भाषणवाल्याचं तोंड उतरलं. बारा वर्षांचा वाद मी साक्षीदारांसमोर जिंकले आणि तुझ्याकडे बघायला मान वळवली. खरंच वळवली, मामा. ओसरीच्या त्या खांबाकडे, जिथं तू टेकून बसायचास.

लोक पांगले तेव्हा मामी मागे उभी होती. कधीपासून होती मला माहीत नाही. तिनं तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, पदरानं पुसला.

"त्यायनं पायलं होतं ना बाई हे," ती म्हणाली. "अमरावतीवून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. याच चुलीवर. दुसरा तुकडा होता, अंगठा दाबून केला अन् टाकला पान्यात. खड्डा गेला तसे पायत बसले. मंग म्हनत, पोट्टीचं खरं हाय."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"म्या म्हनलं ना, लावा फोन अन् सांगा तिले. तं म्हनत, येडी हायस का? खरं हाय म्हनलं तं थे इतक्या दूर कायले येईन? भांडाले तरी येते."

मामीनं तुकडा पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळला, आता त्यावर अंगठा उरला नव्हता तरी. हा मात्र कधी पाण्यात टाकला नाही, म्हणाली. ट्रंकेत ठेवला होता.

म्हणजे मामा, तू घाबरट नव्हतास. लबाड होतास. पक्का, बनेल, बारा वर्षांचा लबाड. मला प्रयोग करून सगळं समजतं, असा माझा टेंभा, आणि माझ्यावर एवढा लांब प्रयोग चाललेला मला कळला नाही. मी दर सणाला ठरल्या वेळी तापून येत होते आणि तू ओसरीवर बसून बघत होतास. मी तुला अडाणी म्हणायचे. माझ्यासारखी मूर्ख बाई दुसरी कोणी पाहिली नसशील. माझ्यासाठी ठेवलेला तुझा अंगठा मी स्वतःच्या हातानं पुसला, एका भाषणवाल्याला गप्प करायला. तो गप्प झाला. मिळालं मला.

आता उरलेलंही ऐक, म्हणजे आपली फिटंफाट झाली. दर वर्षी नव्या पोरांच्या पहिल्या तासाला मी पाइप घेऊन जाते. फळ्यावर काही लिहीत नाही. टिचकी मारते, टण. मग तापवते आणि टिचकी मारते, थप. मग बाजाराच्या दिवसाची काळीपिवळी सांगते, दोन माणसं उतरवते, आणि पोरांच्या डोळ्यांत उजेड पडतो. बाई छान शिकवतात म्हणून माझं नाव आहे ते त्या एका तासावर. दोन्ही गोष्टी तुझ्या. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही. पोरांना वाटतं माझंच आहे सगळं. मीही तसंच वाटू दिलं. तू अमरावतीला पुन्हा आला असतास तर बहुतेक पकडली गेले असते, म्हणून तू येत नाहीस हे मला एका परीनं सोयीचंच होतं. बघ, किती हलकी आहे तुझी भाची. तू मला डोक्यावर घेऊन गावभर मिरवायचास, माही पोट्टी परफेसर हाय म्हणून. मामीनं हेही सांगितलं. माझ्यासमोर मात्र मास्तरीण म्हणून नाक मुरडायचास.

त्याच दुपारी निघताना गजू म्हणाला, ताई, तू म्हणतेस तसं करतो, पुढच्या आठवड्यात खोदायचं मशीन बोलावलं आहे, बाबांची लाइन काढून कपलिंगची टाकून घेऊ. मी हो म्हटलं. बारा वर्षं मी हेच म्हणत होते, नाही कसं म्हणणार? गाडीत बसले. अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत आले, वावरं, त्यांच्या धुऱ्याबांधांवर रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. अकोल्याच्या स्टँडवर दुसरी गाडी लागायची होती. तिथं उभ्यानं मी गजूला फोन लावला आणि म्हटलं, लाइनला हात लावायचा नाही.

"काहून?" तो म्हणाला.

मी त्याला शास्त्र सांगितलं. दोन फूट खाली माती थंड असते. वर मे महिन्याचं कितीही ऊन पडो, तिथं ते पोचत नाही. ऐंशी अंश तर लांबच. त्या पाइपांतली एकही साखळी जागची हलणार नाही. सॉकेट जसं आहे तसं राहील, आणि खड्डेही. गजू म्हणाला, मग इतकी वर्षं तू बाबांशी भांडत कशासाठी होतीस? मी फोन ठेवून दिला.

विहिरीपासून शेवंतीपर्यंत तुझे अंगठे एकामागे एक मातीत पडले आहेत, खाचेसकट, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर कोणी ते उघड्यावर आणणार नाही. गजूला मी मातीचं कारण सांगितलं, ते खोटं नाही. खरं कारण वेगळं आहे. ते त्याला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही, मामा. तू तरी मला कुठं सांगितलंस?